मुख्यालयी राहणारी माणसं

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी सिरोंच्याच्या माणसाला जिल्हाधिकाऱ्यांपुढे अर्ज ठेवायचा तर चंद्रपूर गाठावं लागे. आजच्या चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर ते पंचवीस हजार चौरस किलोमीटरच्या वर जातं. गोव्यासारखी सहा राज्यं त्यात मावतील. एवढ्या मुलखाचं मुख्यालय एकच, आणि तेही पार पश्चिमेच्या कडेला. मध्ये वैनगंगा, प्राणहिता, त्यांना मिळणाऱ्या नद्या आणि साग-बांबूचं रान. पावसाळ्यात दक्षिणेकडची कितीतरी गावं नकाशावर जिल्ह्यात असत, प्रत्यक्षात कोणाच्याच हाताशी नसत.

मी तेव्हा महसूल खात्यात चंद्रपूरला कनिष्ठ लिपिक होतो. त्या वर्षी आम्हा सगळ्यांपुढे विकल्पाचा कागद आला: जुन्या जिल्ह्यात राहणार की नव्या? बाहेरच्याला हा प्रश्न जागेचा वाटेल. आमच्यासाठी तो सबंध नोकरीचा होता. तलाठी, लिपिक, अव्वल कारकून ही पदं जिल्ह्याच्या आस्थापनेवरची. ज्येष्ठता यादी जिल्ह्याची, बढती त्या यादीवरून. नव्या जिल्ह्यात गेलं की नाव नव्या यादीत. यादी लहान, म्हणजे अव्वल कारकुनीचा नंबर लवकर लागणार. पण एकदा तिकडे नाव गेलं की परतीची वाट बंद, हेही तितकंच खरं. लोक दुपारच्या सुट्टीत पाटीवर आकडेमोड करावी तशी आपापल्या वर्षांची गणितं मांडत बसत. ज्यांची मुलं शाळेत जात होती त्यांनी चंद्रपूर लिहिलं. ज्यांची लग्नं व्हायची होती त्यांच्यापैकी काहींनी गडचिरोली लिहिलं. मी त्यांपैकी एक.

त्या दोन वर्षांत राज्यात नव्या जिल्ह्यांची रांगच लागली होती. १ मे १९८१ ला सिंधुदुर्ग आणि जालना झाले, १९८२ च्या ऑगस्टमध्ये लातूर आणि दहा दिवसांनी आम्ही. आमचा जिल्हा झाला तेव्हा बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. गडचिरोलीचा फरक एवढाच की इतर ठिकाणी गावाला जिल्हा मिळत होता. इथे जंगलाला मिळत होता.

माणसांआधी कागद हलले. आमच्या भागाचं दप्तर हे मुंबई इलाख्याच्या दप्तरासारखं नाही. हा जुन्या मध्य प्रांताचा मुलूख. मिसल बंदोबस्त, वाजिब-उल-अर्ज, निस्तार पत्रक, खसरा, जमाबंदी: रुमालात बांधलेली ही गाठोडी गावनिहाय वेगळी करायची, यादी करायची, दोन्ही बाजूंनी सह्या घ्यायच्या. निस्तार पत्रकात गावानं कुठल्या रानातून जळाऊ लाकूड आणायचं, कुठं गुरं चारायची, कुठल्या तळ्याचं पाणी घ्यायचं हे लिहिलेलं असतं. ज्याच्या शेताचा वाद चालू आहे त्याच्यासाठी हा कागद चंद्रपुरात आहे की गडचिरोलीत, यावर एक दिवसाची मजुरी आणि एसटीचं भाडं अवलंबून. दोन शहरांमधलं अंतर ८० किलोमीटर. वाटणी करताना हे माझ्या मनात रोज असायचं, कारण कागद शोधत आलेली माणसं आम्हालाच भेटत होती.

माझ्या घरात बदलीचा हा अनुभव एक पिढी जुना होता. वडील नागपूरच्या सचिवालयात नोकरीला होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेलं नागपूर एका रात्रीत राजधानी राहिलं नाही. विदर्भाचे आठ जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. एका टेबलावर बसणारे दोन कारकून, एक भोपाळला वाटला गेला, दुसरा मुंबईला. वडील चांद्याला आले. (शहराचं नाव तेव्हा चांदाच होतं, चंद्रपूर पुढे १९६४ मध्ये झालं.) राजधानीतून आलेला माणूस जिल्ह्याच्या गावात किती वर्षं पाहुणा राहतो ते मी आईकडून ऐकलं आहे. ती नागपूरचं रेशनकार्ड बराच काळ जपून ठेवत होती.

नागपूरची राजधानी गेली त्याची भरपाई म्हणून आधीच एक कलम लिहून ठेवलेलं होतं. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारात शासनानं दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला यावं आणि विधिमंडळाचं किमान एक अधिवेशन तिथे भरवावं, असं म्हटलं आहे. महाराष्ट्र झाल्यावर १९६० पासून ते सुरू झालं. दर हिवाळ्यात मंत्रालयातले अधिकारी, कर्मचारी, फायलींचे गठ्ठे मुंबईहून येतात, आमदार निवास भरतो, रविभवन भरतं आणि काही आठवड्यांत सगळं परत जातं. मला हे अधिवेशन महत्त्वाचं वाटतं. आमच्याकडच्या माणसाचा मोर्चा मुंबईला पोचणं अवघड, नागपूरला पोचतो. पण करार करणाऱ्यांना अभिप्रेत होतं ते सरकारनं येऊन बसणं. बसणं म्हणजे काय, हे समजण्यासाठी नागपूरहून आणखी दक्षिणेला यावं लागतं.

सिरोंचा हे आज गडचिरोलीच्या टोकाचं तालुक्याचं गाव आहे. प्राणहितेच्या काठी, पलीकडे तेलंगणा. बाजारात तेलुगू कानावर पडते. हे गाव एके काळी जिल्ह्याचं मुख्यालय होतं, हे आमच्याकडच्या कितीतरी शिकलेल्या लोकांनाही ठाऊक नसतं. १८६० मध्ये निजामाशी झालेल्या तहात गोदावरीच्या डाव्या काठचा हा मुलूख इंग्रजांकडे आला आणि अप्पर गोदावरी नावाचा जिल्हा तयार झाला. पुढच्याच वर्षी मध्य प्रांत स्थापन झाला, नागपूर त्याची राजधानी. डेप्युटी कमिशनर सिरोंच्याला बसू लागला. बस्तरबद्दल १८६२ मध्ये अहवाल लिहिणारा ग्लासफर्ड हा त्यांपैकी एक.

एवढ्या आडजागी इंग्रज सरकारनं जिल्हा का बसवला? गोदावरीसाठी. समुद्रापासून वर वर्धा-वैनगंगेपर्यंत बोटी चालवायच्या, वऱ्हाडचा आणि नागपूरचा कापूस नदीनं खाली न्यायचा, अशी ती योजना. सर आर्थर कॉटनची कल्पना, प्रत्यक्ष कामावर हेग हा इंजिनिअर. नदीत ठिकठिकाणी खडकांचे अडथळे होते. त्यांना वळसा घालणारे कालवे आणि दरवाजे बांधण्यावर मोठा पैसा गेला. चीफ कमिशनर रिचर्ड टेंपलचाही या योजनेवर जीव होता. तोवर रेल्वे कापसापर्यंत येऊन पोचली. १८७१ मध्ये कामं थांबली. आणि १८७४ मध्ये जिल्हाच मोडला: भद्राचलम आणि रेकापल्ली मद्रास इलाख्याला गेले, सिरोंचा चांद्याला जोडलं.

मुख्यालय चौदा वर्षं टिकलं. ज्या कामासाठी ते आलं ते संपलं तेव्हा तेही उठलं. तिथे राहणाऱ्या गोंड, माडिया, तेलुगू माणसांचं काम सरकारकडे होतं की नाही हा प्रश्न १८७४ मध्ये कोणाच्या टिपणीत आला असेल असं मला वाटत नाही. त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं सिरोंच्याचा कारभार चांद्याहून चालला. चांदा जिल्ह्याच्या पहिल्या मोठ्या बंदोबस्ताचा अहवाल मेजर ल्युसी स्मिथनं १८६९ मध्ये लिहिला. पण पूर्वेकडचा बहुतेक मुलूख जमीनदाऱ्यांचा. तिथे सरकार जमीनदाराकडून टाकोळी, म्हणजे ठरीव रक्कम, घेई, बाकी कारभार जमीनदाराचा. अहेरीची जमीनदारी त्यातली सर्वांत मोठी. १८५८ च्या उठावातले बाबूराव शेडमाके मोलमपल्लीचे, त्यांचे साथीदार व्यंकटराव अडपल्ली-घोटचे. म्हणजे आजच्या मुलचेरा-चामोर्शी-अहेरीच्या आसपासचाच हा सगळा पट्टा. बाबूरावांना २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलं. सरकारची इथल्या लोकांना झालेली पहिली ठळक ओळख ही होती, आणि ती नंतर पाठवलेल्या प्रत्येक कारकुनाच्या अंगावर सावलीसारखी राहिली.

१९०५ मध्ये जमीनदाऱ्यांचा भाग ब्रह्मपुरी आणि चांदा तहसिलींतून काढून गडचिरोलीची स्वतंत्र तहसील केली. जमीनदाऱ्या प्रत्यक्षात गेल्या त्या १९५१ मध्ये. तेव्हा कुठे पटवारी गावात शिरला.

अपवाद एका खात्याचा: जंगल खात्याचा. आलापल्लीचा साग साऱ्या देशात नावाजलेला. त्या रानात वनरक्षक, वनपाल, रेंजर, डेपोवरचे मोजणीदार आधीपासून राहत होते. १९५३ पासून आलापल्लीजवळ सहा हेक्टरांचं रान जसंच्या तसं राखून ठेवलेलं आहे, त्याला वनवैभव म्हणतात. तिथल्या सागाच्या बुंध्यापाशी उभं राहिलं की हे खातं इथे का आलं ते विचारावं लागत नाही. लाकूड उठून कचेरीत येत नाही, म्हणून कचेरी लाकडापाशी गेली. त्यांची विश्रामगृहं, क्वार्टर्स, विहिरी इतर खात्यांच्या पन्नास वर्षं आधीच्या. पन्नास-साठ वर्षांपूर्वी रानातल्या गावात सरकार विचारलं तर माणूस खाकीतल्या नाकेदाराकडे बोट दाखवी. दवाखाना आणि शाळा यांची ओळख फार मागून झाली.

मुलचेरा या सगळ्याच्या मधोमध आहे. दिना नदीच्या खोऱ्यात, चामोर्शी आणि आलापल्ली यांच्या मधल्या रानात. १९६० च्या दशकात सरकारनं इथे पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबं वसवली. विवेकानंदपूर, सुंदरनगर, शांतीग्राम ही गावं त्यांची. रान काढून पाच-पाच एकरांचे तुकडे पाडले गेले. भाताची शेती, प्रत्येक घरामागे मासळीचं तळं. शेजारी माडिया-गोंडांच्या वस्त्या, मध्ये मराठी आणि तेलुगू बोलणारे. एक सरकारी निर्णय केवढी माणसं कुठून कुठे हलवू शकतो याचं उदाहरण मुलचेऱ्यात रस्त्यावर चालताना दिसतं. त्या माणसांना परतीचा विकल्प नव्हता. ती राहिली आणि त्यांनी गावं उभी केली.

त्यांची कामं मात्र कचेरीशी जखडलेली. वाटपाची जमीन तेव्हा भोगवटादार वर्ग दोनची. विकायला, कधी गहाण ठेवायला परवानगी लागे. वारस नोंद, पट्टा, जातीचा दाखला. इथल्या नामशूद्रांना बंगालमध्ये अनुसूचित जातीचा दर्जा आहे, महाराष्ट्रात नाही, त्यामुळे दाखल्याचा अर्ज म्हणजे वर्षानुवर्षांची फाईल. या कामांसाठी चामोर्शीला किंवा अहेरीला जावं लागे. जिल्हा झाला तेव्हा मुलचेरा तालुका नव्हता. १९९१ च्या जनगणनेनंतर मुलचेरा, भामरागड, कोरची आणि देसाईगंज हे चार तालुके वाढले आणि जिल्ह्याचे बारा तालुके झाले.

माझी मुलचेऱ्याला बदली झाली तेव्हा मी अव्वल कारकून होतो. त्या काळात गडचिरोलीच्या बदलीला काळं पाणी म्हणायची पद्धत होती, अजूनही आहे. मला हा शब्दप्रयोग कधीच सहन झाला नाही. जिथे लाखो माणसं जन्माला येतात, शेती करतात, लग्नं करतात ती जागा दुसऱ्या कोणासाठी शिक्षा कशी? हिवताप होता, नक्षल चळवळीची भीती होती, पावसात दिना नदी चढली की रस्ता बंद होई, वीज दिवसच्या दिवस जाई. हे सगळं खरं. ते तिथल्या माणसालाही तितकंच खरं होतं.

पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ वारस नोंदीसाठी आले. काम सांगण्याआधी त्यांनी विचारलं, "साहेब, रातच्याला अठीच रायता, का चामोर्शीले जाता?" मी खोली घेतली आहे म्हटल्यावर ते बसले. नंतर लक्षात आलं की हा प्रश्न जो तो विचारतो, प्रत्येक नव्या माणसाला. सरकारी आदेशात यालाच मुख्यालयी राहणे म्हणतात. त्याचे आदेश दरसाल निघतात, ग्रामसेवक, तलाठी, शिक्षक, डॉक्टर यांच्याकडून दाखले घेतले जातात. गावाचं परीक्षण त्याहून कडक असतं. जो माणूस संध्याकाळच्या बसनं जातो त्याच्याकडे लोक दाखला घ्यायला येतात, भांडण मिटवायला येत नाहीत. रात्री कोणाला साप चावला, पहाटे कोणाच्या घरात मारामारी झाली, अशा वेळी जो सापडतो त्याच्यावर नंतर दिवसाच्या कामातही विश्वास बसतो. मी राहिलो म्हणून बंगाली चार वाक्यं शिकलो, गोंडी थोडी समजू लागली आणि फायलीत जे लिहिलेलं नसतं ते कळू लागलं: कुठल्या दोन भावांनी जमीन तोंडी वाटली आहे, कुठल्या बाईचं नाव सातबाऱ्यावर मुद्दाम घातलेलं नाही.

सरकारनं माणसं टिकावीत म्हणून प्रयत्न केले, हे नमूद करायला हवं. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानं आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी दिली. मूळ वेतनाच्या १५ टक्के प्रोत्साहन भत्ता मिळे, कमाल १,५०० रुपये. २००५ चा बदल्यांचा कायदा १ जुलै २००६ पासून लागू झाला. एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मे मध्ये. नंतर महसुली विभाग वाटपाचे नियम आले, जेणेकरून थेट भरतीचे अधिकारी आधी नागपूर-अमरावतीकडच्या रिकाम्या जागांवर यावेत. आणि तरीही पदं रिकामी राहतात, एकाच अधिकाऱ्याकडे दोन-दोन तालुक्यांचा अतिरिक्त कार्यभार असतो. भत्ता माणसाच्या खात्यात जमा होतो. मुलीच्या अकरावीचा प्रश्न आणि आईच्या डायलिसिसचा प्रश्न तो सोडवत नाही. म्हणून कुटुंब नागपूर-चंद्रपूरला आणि माणूस इथे, शुक्रवारची बस पकडण्याच्या घाईत. मी त्या माणसांना दोष देत नाही. त्यांच्यासाठी क्वार्टर, शाळा, दवाखाना हे पदाबरोबरच मंजूर व्हायला हवं होतं. मंजूर पद आणि मंजूर घर या दोन फायली कायम वेगवेगळ्या खात्यांत राहिल्या.

हे फक्त आपल्याकडे होत नाही. अमेरिकेत सरकारी जमिनी सांभाळणारं एक खातं आहे. त्याची बहुतेक जमीन पश्चिमेकडच्या राज्यांत, म्हणून २०१९ मध्ये मुख्यालय वॉशिंग्टनहून कोलोरॅडोतल्या ग्रँड जंक्शनला हलवायचं ठरलं. कारण पटण्यासारखंच. ३२८ पदं हलवायची होती. त्यांपैकी २८७ जणांनी निवृत्ती घेतली किंवा ते दुसरीकडे गेले, ४१ जण पश्चिमेला गेले, त्यांतले ग्रँड जंक्शनला मोजून तिघे. २०२१ मध्ये मुख्यालय वॉशिंग्टनला परत नेण्याचा निर्णय झाला. मी हे वाचलं तेव्हा मला सिरोंचा आठवलं. तिथली चौदा वर्षंही अशीच वरून ठरली आणि वरूनच संपली.

आणखी एक गोष्ट मला कायम खटकत आली आहे. कचेरी जवळ आली तरी अधिकार जवळ येईलच असं नाही. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला, आदिवासी विकास महामंडळ नाशिकला, आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था पुण्याला. गडचिरोली, अहेरी आणि भामरागड इथे प्रकल्प कार्यालयं आहेत आणि त्यांतली माणसं राबतात. पण मोठी खरेदी, मोठी मंजुरी राज्याच्या दुसऱ्या टोकाला. मुलचेऱ्यातल्या आश्रमशाळेच्या एका कागदाला गडचिरोली, नागपूर, नाशिक अशी वाट चालावी लागते.

उलट दिशेनं झालेलं एक काम धानोरा तालुक्यातल्या मेंढा गावचं. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला. त्या रानातल्या बांबूचा निर्णय ग्रामसभा घेते. इथे कोणाची बदली करावी लागली नाही. निर्णय घेणारी माणसं आधीपासून मुख्यालयी राहत होती.

म्हणूनच ९ जून २०१४ ची राज्यपालांची अधिसूचना मला गेल्या दीडशे वर्षांतली या भागासाठीची सर्वांत महत्त्वाची आस्थापनाविषयक गोष्ट वाटते. पेसा, म्हणजे आदिवासींच्या अनुसूचित, क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, शिक्षक, आरोग्य कर्मचारी अशी पदं स्थानिक अनुसूचित जमातीच्या उमेदवारांतून भरायची, असं तिच्यात म्हटलं आहे. ज्या मुलीनं गोंडीत पहिला शब्द उच्चारला तिच्या हातात गावाचं दप्तर. तिला घरभाडं भत्त्याचं आमिष दाखवावं लागत नाही. पुढे प्रकरण न्यायालयात गेलं, भरती अडकली, निवड झालेल्या मुलामुलींना आंदोलनं करावी लागली आणि २०२४ मध्ये त्यांना तूर्त मानधनावर घेण्याचा मार्ग काढला गेला. मानधनावर नेमलेला तलाठी आणि कायम तलाठी यांची सही सातबाऱ्यावर सारखीच उमटते. पगारातला आणि हमीतला हा फरक लवकर मिटावा यासाठी माझ्यासारख्या निवृत्त माणसांनीही निवेदनं दिली पाहिजेत. मी दिली आहेत.

आता अहेरीला वेगळा जिल्हा करण्याची मागणी जुनी झाली आहे. तिथे अपर जिल्हाधिकारी बसतात, अंतरं पाहिली तर मागणी रास्त आहे आणि मी तिच्या बाजूचा आहे. फक्त या वेळी क्रम बदलावा असं माझं म्हणणं आहे. आधी आलापल्ली-अहेरीत तीनशे-चारशे क्वार्टर्स बांधा. विज्ञान शाखेचं चांगलं कनिष्ठ महाविद्यालय आणि तज्ज्ञ डॉक्टर असलेलं रुग्णालय चालू करा. मुलचेरा, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांतल्या मुलामुलींसाठी लिपिक आणि तलाठी परीक्षेचं मार्गदर्शन सुरू करा, गोंडी, माडिया, तेलुगू आणि बंगाली जाणणाऱ्यांची स्वतंत्र यादी ठेवा. मिसल बंदोबस्तापासूनचं त्या चार-पाच तालुक्यांचं दप्तर तपासून, स्कॅन करून गावनिहाय तयार ठेवा. विकल्पाचा कागद त्यानंतर फिरवा.